गुंजेचा वेल: पाला औषधाचा, बी विषाचे

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे, विशेषतः पैंजणांचे, गाव असून आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक ज्या व्यवसायाने पिढ्यान्पिढ्या पाठ केले, त्या व्यवसायातील घरांना गुंजेचा वेल दारी असावा असे वाटले तर नवल नाही. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरल्यास एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. दशमान पद्धतीने हे वजन हद्दपार केले, तरी ‘गुंजभर सोने’ बोलण्यात राहिलेच.

चिंचेसारख्या संयुक्त पानांचा हा वेल कुंपणावर चढतो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याला फिकट जांभळट-गुलाबी फुलांचे घोस येतात, आणि नंतर वाळलेल्या शेंगा उकलल्या की काळ्या ठिपक्याच्या लालभडक बिया शेंगेलाच चिकटून राहतात. वेलाची खरी शोभा ती हीच आणि धोकाही तोच. कारण वेल औषधी आहे एवढे ऐकून ते विशेषण त्याच्या सर्वांगाला लावले जाते, आणि फसगत तेथूनच सुरू होते. विड्यात घातला जाणारा, आवाज बसल्यास किंवा तोंड आल्यास चघळला जाणारा गोडसर पाला वेगळा; बी वेगळे. आयुर्वेदाने गुंजेची गणना उपविषांत, म्हणजे तुलनेने सौम्य मानलेल्या विषांत, केली असून शोधन, म्हणजे दुधात किंवा कांजीत विधिपूर्वक शिजवून दोष कमी करणे, झाल्याशिवाय बी वापरू नये असे सांगितले आहे; हे काम वैद्याचे, स्वयंपाकघरातले नव्हे. पालाही गर्भवतींनी टाळावा आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी वैद्याला विचारूनच घ्यावा, कारण त्यातील ज्येष्ठमधासारखे गोड द्रव्य अतिसेवनाने रक्तदाब वाढवू शकते.

बियांतील ॲब्रिन हे प्रथिन पेशींमधील प्रथिननिर्मितीच थांबवते. अखंड बी गिळले गेल्यास कठीण कवचामुळे ते अनेकदा तसेच बाहेर पडते, परंतु चावलेले, फुटलेले किंवा माळेसाठी भोक पाडलेले बी घातक ठरू शकते. याच कठीण कवचामुळे बी सहज रुजत नाही, म्हणून पेरणीपूर्वी कवच मऊ करण्यासाठी बी कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावे. कारागिराच्या घरी कानस हाताशी असली, तरी तिने बी घासू नये, कारण उडणारी भुकटी श्वासातून किंवा जखमेतून शरीरात जाऊ शकते. पेरणी मृगाच्या पावसात, पाणी न साचणाऱ्या जागी करावी. हुपरीत दागिन्यांचे बरेचसे काम घरातच चालते आणि मुले अवतीभोवती असतात, तेव्हा वेल उंबऱ्याजवळ न लावता मागील कुंपणावर लावावा आणि शेंगा हिरव्या असतानाच खुडाव्यात. शोभा त्यामुळे जाते हे खरे. ज्याला शोभाच हवी, त्याने गोकर्ण लावावी.

मुलाने बी चावल्याची शंका आली, तर त्रास दिसेपर्यंत थांबू नये. उलट्या व रक्ती जुलाब काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, आणि या विषावर उतारा नाही. उपचार होतो तो लक्षणांवर. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ न दवडता, उरलेल्या बिया बरोबर घेऊन कोल्हापूरच्या सीपीआरसारखे मोठे रुग्णालय गाठावे. बी दाखवणे महत्त्वाचे, कारण काळा ठिपका नसलेले, संपूर्ण लाल बी गुंजेचे नसून बहुधा रतनगुंज या वृक्षाचे असते.