शहरात गेल्यावर

आमचे गाव साताऱ्याकडचे. मुलगा मुंबईत लालबागला राहतो. नोकरी संपल्यावर आम्ही दोघे त्याच्याकडे राहायला गेलो.

तिथे रोज पोळी. चार दिवस गोड लागली. मग भाकरीवाचून चैन पडेना. चौकशी केली, तर ज्वारी जवळच मिळाली. गिरणीत दळून आणली. लालबागेत मसाल्याची गल्लीच आहे. मिरची निवडून द्या, मसाला समोर कुटून देतात. रेशनचीही अडचण नाही. अन्नसुरक्षेचे कार्ड गावचे असले, तरी आता धान्य शहरात घेता येते. मात्र कार्डाला आधार जोडलेले हवे.

पोटाचे जमले. पण आमची मंडळी खोलीबाहेर पडेना. "चुकले तर कुठे जाऊ? मला पाटी वाचता येत नाही," ती म्हणाली. आमची मान खाली गेली. जन्मभर लोकांची मुले शिकवली आणि घरातली पाटी कोरीच ठेवली!

त्याच रात्री पाटी-पेन्सिल आणली. आधी तिचे नाव, मग घराचा पत्ता, मग बसचे आकडे.

तीन महिन्यांनी ती नातवाला घेऊन भायखळ्याला राणीच्या बागेत गेली. लोक राणीची बाग म्हणतात, पण दारावर नाव वेगळे आहे. तिने एकेक अक्षर लावले : वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. संध्याकाळी भाजी घेऊन घरी आली.

आम्ही विचारले, "वाट कोणाला विचारलीस?"

ती म्हणाली, "कोणालाच नाही. वाचत आले."

तुम्हीही आज आपला पूर्ण पत्ता वहीत लिहा.