डार्करूमचा दिवा: आधी कागद बघा

प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा कृष्णधवल रोलवर टिपून घरच्याच डार्करूममध्ये छापायची, तर दिवा आणण्याआधी कागदाचं पाकीट बघा. साध्या ग्रेडेड ब्रोमाइड कागदाला मुख्यतः निळा प्रकाश कळतो, त्याला नारिंगी दिवा चालतो. मल्टिग्रेडला हिरवाही कळतो. त्याला त्याच्या कंपनीने सांगितलेला फिल्टर किंवा शुद्ध लाल लागतो. दोन्ही वापरणार असाल तर सरळ लालच घ्या. रोल धुताना मात्र कुठलाच दिवा नको. नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला लालही दिसतो.

इलेक्ट्रिकच्या दुकानातला लाल झिरो बल्ब स्वस्त असतो, पण नुसत्या रंगावर भरवसा नको. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचं प्रतिबिंब बघा. लालखेरीज हिरवा किंवा निळा पट्टा दिसला तर बल्ब परत करा. पांढऱ्या एलईडीवर लाल जिलेटिन गुंडाळण्याचा उद्योग तर करूच नका. लाल एलईडी बरा, पण सीडीची परीक्षा त्यालाही द्यावीच लागते.

दिवा कागदापासून किमान ४ फूट लांब, भिंतीकडे तोंड करून लावा. घर कौलारू असेल तर दिवा बंद करून दहा मिनिटं अंधारात बसा. डोळे सरावले की फटी दिसू लागतात. त्या बुजवत बसण्यापेक्षा रात्री काम करणं सोपं.

आता खरी चाचणी. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून भागत नाही, कारण थोडा प्रकाश कोरा कागद पचवतो. म्हणून लाल दिवा बंद ठेवून एन्लार्जरखाली कागदाला फिकट करडा येण्याइतकाच प्रकाश द्या. मग त्यावर नाणं ठेवा, लाल दिवा लावा आणि ७ मिनिटं थांबा. दिवा विझवून कागद अंधारातच डेव्हलप करा, हायपोत टाका. सगळीकडे सारखा करडा आला तर दिवा पास. नाण्याच्या जागी फिकट चकती उमटली तर दिवा आणखी लांब न्या. तरी उमटली तर बदला.

उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं एखादं जुनं पाकीट कपाटात सापडलं असेल, तर त्यातला एक तुकडा आधी प्रकाश न दाखवता अंधारातच डेव्हलप करा. तो करडा निघाला तर कागदच शिळा आहे, दिव्याला बोल लावू नका. कागदाची जात बदलली की नाण्याची चाचणी पुन्हा घ्या.