सुनील छेत्री ह्यांची विनंती

मुंबईहून बंगळुरूस जाणारा महामार्ग कात्रजजवळून जातो. त्या मार्गाच्या पलीकडच्या टोकास असलेल्या संघाने पुणेकरांस एकदा मोठे दुःख दिले, हे कात्रजच्या तरुणांस अजून पाठ आहे. ता. ११ मार्च २०१८ रोजी बंगळुरू येथे एफसी पुणे सिटी हा संघ उपान्त्य सामन्यात ३-१ असा हरला, व प्रतिपक्षाचे तिन्ही गोल एकट्या सुनील छेत्री ह्यांनी केले. पुण्याचा तो संघ पुढच्याच वर्षी बंद झाला. तथापि ह्या पाठात आम्ही छेत्री ह्यांच्या गोलांपेक्षा त्यांच्या शब्दांचा विचार अधिक करणार आहोत. रिकाम्या बाकांपुढे बोलण्याचा प्रसंग आमच्या शिक्षकबंधूंस पुष्कळदा येतो. तसाच प्रसंग ह्या नामांकित खेळाडूवर मुंबईत आला होता.

प्रथम त्यांचे पूर्ववृत्त. त्यांचा जन्म ता. ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील सैन्यात होते, आणि आई स्वतः नेपाळच्या महिला संघातून फुटबॉल खेळलेल्या. २००२ साली कोलकात्याच्या मोहन बागान ह्या जुन्या संघाने त्यांस घेतले. ता. १२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानाविरुद्ध ते देशासाठी प्रथम खेळले, व त्याच सामन्यात त्यांनी गोल केला. येथवर सर्व सुरळीत दिसते. परंतु २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स ह्या संघाशी करार ठरला असता इंग्लंडात खेळण्याचा परवाना त्यांस नाकारण्यात आला. कारण, भारताचा जागतिक क्रमांक फार खाली होता. खेळाडूत उणे काही नव्हते, दार मात्र बंद झाले. पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटी व पोर्तुगालात लिस्बन येथेही ते जाऊन आले. तेथेही त्यांचा फारसा जम बसला नाही. २०१३ सालापासून बंगळुरू हे त्यांचे घर झाले. मध्यंतरी २०१५ साली मुंबईच्या संघातून खेळताना इंडियन सुपर लीगमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे पहिले भारतीय तेच ठरले.

आघाडीच्या खेळाडूची जागा मोठी कठीण असते. नव्वद मिनिटे धावून चेंडू दोनदाच त्याच्या पायाशी नीट यावयाचा, आणि त्यातला जो चुकला तोच लोकांच्या स्मरणात राहावयाचा.

आता मुख्य गोष्ट. ता. १ जून २०१८ रोजी अंधेरी येथे भारताने चायनीज तैपेई संघास ५-० असे हरविले. छेत्री ह्यांनी तीन गोल केले. पाहावयास माणसे जेमतेम अडीच हजार! दुसऱ्या दिवशी त्यांनी एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. जे लोक परदेशी संघांचे चाहते आहेत त्यांस त्यांनी सांगितले की, आमचा खेळ त्या दर्जाचा नाही हे आम्हांस मान्य आहे, तरी तुमचा वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही जिवापाड खेळू. ज्यांची आशा सुटली होती त्यांस ते म्हणाले की, मैदानावर या; आम्हांस नावे ठेवा, आमच्यावर ओरडा, पण या. ह्या बोलण्यात त्यांनी हात जोडले होते. न येणाऱ्यांवर रोष नव्हता, आणि आपल्या गोलांचा हिशेबही नव्हता.

हा वृत्तान्त आम्ही कात्रज येथील तरुणांपुढे ठेवला तेव्हा एकाने आक्षेप घेतला. तो म्हणाला, “ते प्रसिद्ध म्हणून लोक आले, आमच्या बोलावण्याने कोण येतो?” आक्षेप रास्त आहे, आणि विराट कोहली ह्यांच्यासारख्यांनी ती विनंती पुढे पोहोचविली हेही खरे. परंतु छेत्री आदल्या दिवशीही तितकेच प्रसिद्ध होते. तीन गोलांनी जी आसने भरली नाहीत ती दुसऱ्या दिवसाच्या विनंतीने भरली. ता. ४ जूनच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. तो त्यांचा देशासाठी शंभरावा सामना होता. धो धो पाऊस पडत असता लोक बसून राहिले, आणि भारताने केनियास ३-० असे हरविले. त्यातील दोन गोल छेत्री ह्यांचे. आमच्या मते, आपले उणे आधी कबूल करून मग बोलावणे केले, ह्यातच त्या शब्दांचे बळ होते. आम्ही बहुधा उलट करतो: न आलेल्यांचा राग आलेल्यांवर काढतो. (ता. ७ रोजी न्यूझीलंडकडून भारत हरला, हेही सांगितले पाहिजे. ता. १० रोजी अंतिम सामना मात्र जिंकला.)

सहा वर्षांनी, मे २०२४ मध्ये, निवृत्ती जाहीर करताना त्यांनी एकोणीस वर्षांचा सारांश तीन गोष्टींत सांगितला: कर्तव्य, दडपण व अपार आनंद. दडपणाचे नाव त्यांनी लपविले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. घरी ही वार्ता सांगताच वडील शांत राहिले, आई व पत्नी रडू लागल्या. खेळाचा ताण पाहवत नाही असे म्हणणाऱ्या त्याच होत्या. मग आता रडता का, ह्याचे उत्तर त्यांसही देता येईना.

ता. ६ जून २०२४ रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना झाला. पन्नास हजारांहून अधिक लोक जमले होते, आणि एकही गोल झाला नाही. त्यांच्या नावावर तोवर ९४ गोल होते. मार्च २०२५ मध्ये संघास गरज पडली म्हणून ते पुन्हा उतरले, आणि शिलाँग येथे मालदीवविरुद्ध पंचाण्णवावा गोल झाला. तेव्हा त्यांस चाळीस वर्षे पूर्ण झाली होती.