शितावरून भात, पण कोणत्या शितावरून?

दिवाळीच्या सुमारास शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या गावी गेलात, तर भाताच्या खाचरात एक गंमत पाहायला मिळण्याचा संभव आहे. तलाठी किंवा कृषी सहायक दोरी, खुंट्या आणि टेप घेऊन येतात. शेतात एक आयताकृती तुकडा आखतात. तेवढ्याच तुकड्यातले भात कापून, झोडून, तोलून घेतात आणि वजन लिहून निघून जातात. बाकीच्या शेताला ते हातही लावीत नाहीत. याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. अशा थोड्या तुकड्यांवरून मोठ्या टापूत भात किती पिकले याचा अंदाज बांधला जातो.

तुकडा कोठे आखायचा हे मात्र त्या माणसाच्या मर्जीवर नसते. गाव, शेत आणि शेतातला तुकड्याचा कोपरासुद्धा यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसा, अंकांच्या कोष्टकावरून ठरतो. रस्त्याकडेचे पीक जोमदार दिसले म्हणून तेथे दोरी लावता येत नाही. ही पद्धत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ होते. तुकडा फार लहान घेतला की कडेवरची रोपे नकळत आत धरली जातात आणि उत्पन्न उगाच जास्त दिसते, हे त्यांनी १९४० नंतरच्या दशकात दाखवून दिले. माणूस लबाडी करीत नसतानाही चूक एकाच बाजूला झुकते, हा त्यातला मुद्दा. तो आपल्याला पुढे लागणार आहे.

कारण निवडणुकीपूर्वी वर्तमानपत्रांत आणि दूरदर्शन वाहिन्यांवर जनमत चाचण्यांचे जे आकडे येतात, तेही पीक कापणीचेच भावंड आहे. ‘आम्ही अमुक हजार मतदारांना विचारले, तमुक पक्ष पुढे आहे,’ असे सांगितले जाते. तुम्ही म्हणाल, “मला तर कोणी विचारले नाही, माझ्या बाबांनाही नाही! मग आमचे मत यांना कसे कळले?” शंका रास्त आहे. एक प्रयोग करून पाहा.

वालाचे १,००० दाणे मोजून घ्या. त्यांतील ६०० दाण्यांना शाईचा ठिपका द्या. सगळे पिशवीत घालून चांगले हलवा. आता न पाहता २५ दाणे काढा, ठिपक्याचे किती आले ते लिहा आणि दाणे परत टाकून पुन्हा हलवा. असे वीस वेळा करा. बरोबर १५ क्वचितच येतील. कधी १२, कधी १८. पण १० ते २० या मर्यादेबाहेर बहुधा एखाद्याच वेळी जाल. म्हणजे खरा आकडा शेकडा ६०, आणि तुमचा अंदाज ४० ते ८० च्या दरम्यान. मग २५ ऐवजी १०० दाणे काढून पाहा. आता अंदाज ५० ते ७० च्या दरम्यान राहील.

यामागचा ढोबळ नियम असा: जितके दाणे काढले त्या संख्येचे वर्गमूळ घ्या आणि त्याने १०० ला भागा. येईल तेवढी शेकडा चूक दोन्ही बाजूंना धरावी. २५ ला २०, १०० ला १०, ४०० ला ५, आणि १,००० ला ३ हून किंचित जास्त. चूक निम्मी करायची तर दाणे चौपट घ्यावे लागतात.

आता यातली नवलाची गोष्ट. पिशवी केवढी मोठी आहे, हे या नियमात कोठेच येत नाही! पातेले लहान असो की लग्नघरचा हंडा असो, भात नीट ढवळलेला असेल तर तितकीच शिते दाबून पाहावी लागतात. म्हणून एका तालुक्यासाठी जेवढी माणसे लागतात, साधारण तेवढीच २०२४ च्या लोकसभा निवडणुकीतल्या सुमारे ९७ कोटी मतदारांसाठीही पुरतात. निदान कागदावर तरी.

हा नियम हाताशी घेऊन आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले. मुरबाड मतदारसंघात किसन कथोरे पन्नास हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. हा फरक झालेल्या मतांच्या शेकडा पंधराहून जास्त होता. शेजारच्या शहापुरात दौलत दरोडा यांनी पांडुरंग बरोरा यांचा पराभव केला तो दोन हजारांहूनही कमी मतांनी, म्हणजे शेकडा एकाच्या आसपास. समजा, दोन्हीकडे हजार-हजार मतदारांची उत्तम पाहणी झाली असती. एका उमेदवाराचा आकडा ३ ने वर आणि दुसऱ्याचा ३ ने खाली जाऊ शकतो, म्हणून दोघांतील अंतरात ६ ची चूक धरावी लागते. तरीही मुरबाडचा निकाल आधी सांगता आला असता. शहापूरचा मात्र कोणालाही सांगता आला नसता. एका टक्क्याचे अंतर ओळखायचे तर सुमारे ४०,००० माणसांना विचारावे लागेल. त्यापेक्षा मोजणीच्या दिवसापर्यंत थांबणे स्वस्त!

परंतु ही सारी चूक दाणे हातात येण्याच्या योगायोगाची झाली. तिचे मोजमाप करता येते. खरी पंचाईत वेगळीच आहे. पिशवी हलवता येते, तालुका हलवता येत नाही.

अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यांवरून लँडन निवडून येणार असे त्यांनी छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना शेकडा साठच्या वर मते पडली. पत्त्यांसाठी दूरध्वनीच्या आणि मोटारींच्या याद्या वापरल्या होत्या, आणि मंदीच्या त्या दिवसांत फोन-मोटार परवडणारा मतदार वेगळा होता. शिवाय चौघांपैकी तिघांनी उत्तरच धाडले नाही. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला. नमुना मोठा असणे आणि चांगला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

समजा, तुम्हाला शहापुरात पाहणी करायची आहे. सकाळी आसनगाव स्टेशनावर उभे राहिलात तर नोकरदार भेटतील. मुरबाडच्या एसटी स्थानकावर उभे राहिलात तर बाजाराला आलेले भेटतील. डोळखांबकडच्या पाड्यातली म्हातारी दोन्हीकडे भेटणार नाही. म्हणून मतदारयादी हाती घ्यावी. आधी चिठ्ठ्या टाकून मतदान केंद्रे निवडावीत. एका केंद्राच्या यादीत १,००० नावे असतील आणि २० हवी असतील, तर १ ते ५० मधून एक आकडा चिठ्ठीने काढावा. ३७ आला तर ३७ वे, ८७ वे, १३७ वे अशी नावे घ्यावीत. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा ‘लोकनीती’ विभाग याच धर्तीवर नावे निवडतो. उत्तर देणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून खोटी मतपत्रिका घडी करून पेटीत टाकायला देण्याची युक्तीही वापरतात. ओट्यावर सरपंच बसलेले असताना मोठ्याने कोण खरे बोलेल?

आणि आता घरी जायचे. ३७ वे नाव कातकरी वाडीतले. दिवाळीनंतर ते कुटुंब वीटभट्टीवर गेले आहे, पावसाच्या तोंडाशी परतेल. ८७ वा तरुण पहाटेच्या कसारा लोकलने मुंबईला जातो, रात्री येतो. १३७ व्या बाई कापणीला रानात आहेत. शेजारच्या ओट्यावर मात्र एक गृहस्थ निवांत बसले आहेत आणि बोलायला उत्सुक आहेत! पाहणी करणाऱ्याच्या मनात येते, यांनाच विचारले तर काय बिघडले? कडेचे रोप आत धरले जाते ते येथे. हे प्रत्येक गावात घडले की पाहणीत निवांत लोकांचे मत वाढत जाते, आणि हजाराऐवजी लाख जणांना विचारले तरी ते कमी होत नाही. वर्गमुळाचा नियम येथे लागू पडत नाही.

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी मतदानोत्तर चाचण्यांपैकी बऱ्याच चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला ३५० हून अधिक जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात २९३ मिळाल्या. मतांवरून जागा काढण्याचे गणित आणखी नाजूक असते, त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

शाळेत अशी पाहणी करायची असेल तर पक्षांबद्दल विचारू नका, घरोघरच्या भाताच्या वाणाबद्दल विचारा. रीत तीच. पहिल्या फेरीत घर बंद आढळले तर संध्याकाळी जा, मग रविवारी जा. तरीही कोणी भेटले नाही तर त्या नावापुढे ‘घर बंद’ असे लिहा, शेजाऱ्याचे उत्तर लिहू नका. शेवटी निष्कर्षाच्या आकड्याशेजारी बंद घरांचा आकडाही मांडा.