विळी लागली की

बाय, उलव्याला बिऱ्हाड थाटलंस, दोघंही नोकरीवर, म्हणून रविवारी बसून भाज्या चिरून ठेवतेस असं कळलं. ठेव की! पण आपल्या चिरनेर गावची रीत सोडू नकोस.

आधी धुवायचं, मग चिरायचं. पावसाळ्यात अक्कादेवीच्या डोंगरातून टाकळा, भारंगी येते, तिच्या पानांना चिखल असतोच. तीन पाण्यांतून काढ, चाळणीत निथळव, फडक्यावर कोरडी कर. ओली भरलीस तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत. तशी झाली की टाकून दे, धुऊन फोडणीला घालू नकोस. शेवळं तर चिरून ठेवायची भाजीच नव्हे. आणली त्याच दिवशी आतला पिवळा भाग काढून, काकडाची फळं घालून शिजव, नाहीतर घसा धरतो.

आपल्या घरात विळी एकच. तिच्यावर मासळी कापायची आणि नुसती पुसून काकडी चिरायची, हे मला मुळीच खपत नाही. भाजी शिजते तरी, कोशिंबीर कच्चीच पोटात जाते. म्हणून भाजी आधी, मासळी मागाहून. फ्रीजमध्येही मासळी खालच्या खणात, तिचं पाणी गळतं.

साल शाबूत तोवर भाजी स्वतःची राखण करते. चिरली, रस सुटला, की जंतूंची पंगत बसते. म्हणून चिरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, वैशाखात तर तासाभरातच. फ्रीज 5 अंशांच्या खाली हवा. पालेभाजी दुसऱ्या दिवशी संपव, गवार-फरसबी तीन दिवसांत. चार तासांच्या वर लाईट गेली तर चिरलेल्याचा मोह नको.

चिरलेला कांदा हवेतलं विष ओढतो म्हणे! मोबाईलवरच्या गप्पा त्या. झाकून फ्रीजमध्ये ठेव, काही होत नाही. खरी भीती ठेचलेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची. तेलाखाली हवा नसते, तिथे वाढणारा जंतू जिवावर बेततो आणि वासावरून कळतही नाही.

आणि दुधी. चिरण्याआधी एक चकती जिभेला लाव. कडू लागली तर थुंकून टाक आणि अख्खा दुधी फेकून दे. शिजवून तो कडूपणा जात नाही, आणि साखर ओतून हलवा करायचं तर मनातही आणू नकोस.