अनेक गावे, एक नोंद

बेळगुंदी हे बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील, सीमेलगतचे गाव. पलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुका लागतो. मुंबईत बेळगुंदीचे पत्र वेगळे काढणाऱ्या कर्मचाऱ्यास हा सारा भूगोल ठाऊक असावा लागत नाही. पिनकोडाच्या आरंभी ५९ दिसले की पत्र कर्नाटकाच्या वाटेला लागते. चंदगडच्या पत्रावर ४१ असते. नेमके गाव कोणते, हे पुढील कार्यालय उरलेल्या अंकांवरून ठरवते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीचे मर्म एवढेच की, दूरच्यास थोडी माहिती पुरते, जवळच्यास सविस्तर लागते.

संगणकांच्या जाळ्यात हेच काम राउटर करतो आणि या युक्तीस मार्ग-संक्षेप म्हणतात. समजा, बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप व सोनोली या चार गावांच्या जाळ्यांना अनुक्रमे १०.२०.८.० पासून १०.२०.११.० पर्यंतचे पत्ते दिले. प्रत्येक पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. या चारही जाळ्यांचे पहिले २२ अंक सारखेच आहेत. म्हणून बेळगावच्या राउटरने बाहेर चार मार्ग न कळवता १०.२०.८.०/२२ हा एकच मार्ग कळवला तरी भागते. ओएसपीएफ या मार्गनियमात ही व्यवस्था दोन विभागांच्या सीमेवरील राउटरवर करावयाची असते. तेथे विभागाचा क्रमांक, आरंभीचा पत्ता आणि २५५.२५५.२५२.० हा मुखवटा नोंदवला जातो. त्यामुळे दूरच्या राउटरांची मार्गसारणी आटोपशीर राहते आणि राकसकोपची एखादी तार तुटली तरी त्याची वर्दी दूरवर जाऊन सर्वांना नव्याने हिशेब करावा लागत नाही.

मात्र ही सोय पत्ते वाटतानाच साधावी लागते. याच गावांना ९ ते १२ हे क्रमांक दिले असते, तर त्यांना सामावणारी लहानात लहान एकच नोंद ८ ते १५ अशी झाली असती. म्हणजे जी जाळी आपली नाहीत, त्यांचीही जबाबदारी पत्करल्यासारखे झाले असते.

दुसरा धोका असा की, सोनोलीचे जाळे अद्याप जोडलेले नसताना संक्षिप्त मार्ग मात्र जाहीर झाला, तर तेथील माहिती बेळगावला येते, पुढे वाट नसल्याने वरच्या राउटरकडे परत जाते आणि पुन्हा बेळगावलाच येते. हे हेलपाटे थांबविण्यासाठी सीमेवरील राउटरवर संक्षिप्त पत्त्याचा एक ‘शून्य मार्ग’ ठेवतात. ठिकाण नसलेली माहिती तेथेच टाकून दिली जाते. जोडलेल्या गावांच्या सविस्तर नोंदी कायम असल्याने त्यांना बाध येत नाही; कारण राउटर नेहमी अधिक अंक जुळणारी नोंद आधी मानतो.

यास्तव व्यवस्था पूर्ण होताच मार्गसारणी तपासावी आणि प्रत्येक गावातून प्रत्यक्ष संपर्क होतो की नाही, हे पाहावे. दूरच्या सारणीत बेळगुंदीचे नाव नसले तरी चालेल; परंतु बेळगुंदीच्या शाळेचा निकाल किंवा ग्रामपंचायतीचा दाखला वाटेत हरवता कामा नये.