विमुक्तांचे आत्मकथन : नोंदवहीला दिलेला जबाब



दलित पँथर ही संघटना १९७२ साली मुंबईत स्थापन झाली आणि तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपण मागील घटकात पाहिले. हे नाते नावापुरते समजू नये. ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते कायद्याची पुस्तके जवळ बाळगून पोलिसांच्या गस्तीवर लक्ष ठेवीत. कृष्णवर्णीयांच्या साहित्यातही पोलीस, न्यायालय आणि तुरुंग वारंवार येतात. मराठीत याला सर्वांत जवळचे उदाहरण विमुक्त जमातींच्या आत्मकथनांत सापडते, म्हणून प्रस्तुत घटकासाठी लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' निवडले आहे.

प्रथम थोडा कायद्याचा इतिहास. अमेरिकेत १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे श्रम घेण्यास मुभा राहिली. दक्षिणेकडील राज्यांत भटकेपणासारख्या कारणांवरून कृष्णवर्णीयांना पकडून कैदी म्हणून शेतांवर आणि खाणींत भाड्याने दिले जाऊ लागले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने भारतात गुन्हेगार जमाती कायदा केला. दोन्ही कायद्यांचा परस्परांशी संबंध नाही. तिकडे निदान नावापुरता तरी गुन्हा दाखवावा लागे. येथे जन्म पुरेसा होता. ठाण्यातील हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, आणि काहींच्या वाट्याला सोलापूरसारख्या ठिकाणची तारेच्या कुंपणातील 'सेटलमेंट'. तेथील माणसे गिरण्यांत राबत. हा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' ठरल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा आला. शिक्का पुसला गेला, शाई राहिली.

'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले व १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लेखकाने स्वतःविषयी लिहिण्यापूर्वीच पोलिसांच्या दप्तरात त्याच्या घराण्याविषयी लिहिलेले होते. असा लेखक काय करील? चोरी झालीच नाही, असे म्हणणे सोपे होते. गायकवाड तसे म्हणत नाहीत. ते चोरीचे शिक्षण सांगतात, मार खाण्याची सवय सांगतात, आणि प्रामाणिकपणे काम मागणाऱ्याला काम का मिळत नाही, हेही सांगतात. माझ्या मते या पुस्तकाचे बळ या कबुलीत आहे. आरोपीने दिलेला जबाब आरोप करणाऱ्यावरच उलटतो.

येथे फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ चे आत्मचरित्र आठवते. गुलामगिरीतून निसटलेल्या या माणसाच्या शब्दावर वाचक विश्वास ठेवतील की नाही, म्हणून पुस्तकाच्या आरंभी दोन गोऱ्या गृहस्थांनी त्याच्या खरेपणाची ग्वाही दिली आहे. मराठीतील अनेक दलित-विमुक्त आत्मकथनांच्या प्रस्तावना या दृष्टीने पुन्हा वाचून पाहाव्यात.

आता थोडे विषयांतर, पण ते टाळता येत नाही. काही वर्षे माझे वास्तव्य अँटॉप हिलला होते. वडाळा आणि शीव कोळीवाडा यांच्या शेजारचा हा भाग. सरकारी वसाहती, दाट झोपडपट्ट्या आणि मिठागरांची आठवण नावात जपणारे कोकरी आगर. आमच्या इमारतीतून एकदा तांब्या-पितळेची भांडी गेली. हवालदाराने संशय कोणावर, असे विचारताच मी नाल्याकाठी पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबांकडे बोट दाखविले. का? त्या बायका भंगार वेचीत, आणि त्यांची जात मला ठाऊक होती, एवढेच. दोन पुरुषांना उचलून नेले. तिसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा त्यांतील एक लंगडत होता. आठवड्याने पाले उठली. भांडी कोणी नेली, ते कधीच कळले नाही. त्याच वर्षी मी वर्गात 'उचल्या' शिकवीत होतो आणि त्यातील पोलिसांविषयी बरेच तावातावाने बोलत होतो. पुस्तकातील गावकरी जे करतात तेच मी केले होते, हे मला सत्र संपल्यावर सुचले.

म्हणून हे पुस्तक सहानुभूतीने वाचावे, असा सल्ला मी देत नाही. सहानुभूती मलाही होती.

हा इतिहास संपलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांत जातीवरून कामे वाटणाऱ्या नियमांना घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले. विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्या निकालाच्या कक्षेत आले. कायदा रद्द होऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती.

स्वाध्याय : 'उचल्या'मधील पोलीस प्रथम येतो तो प्रसंग पुन्हा वाचा. त्या प्रसंगात बघ्यांमध्ये कोण कोण उभे आहेत, याची यादी करा, आणि त्यांपैकी एकाच्या तोंडून तोच प्रसंग दहा ओळींत लिहा.